बारा तासांच्या पाळीला अटी घाला : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कारखान्यांच्या सेवानियमांत कामगारांच्या मानसिक आरोग्याची तरतूद करण्याबाबत.

सन्मान्य महोदय,


शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीहून हे पत्र लिहीत आहे. नोकरीची सगळी वर्षं मी इकडच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण आला, कोण नाही, कुणाची सलग कितवी नाईट, कुणाचे किती खाडे, कुणाला गेटवरूनच परत पाठवलं, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. 'एचआर' हे नाव इकडे रुळलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते काम आम्ही करत होतो. त्या खुर्चीवरून एक गोष्ट दिसते, ती मॅनेजरच्या केबिनमधून दिसत नाही. माणूस आतून खचायला लागला की ते सगळ्यांत आधी हजेरीत उमटतं. सुरुवातीला सोमवारचा खाडा पडतो. मग पंचिंगला उशीर होऊ लागतो. मग पगार झाला की चार-पाच दिवस पत्ता नसतो. मग कधीतरी मशीनमध्ये बोट जातं. या प्रत्येक पायरीवर रजिस्टरात शेरा मात्र एकच पडतो : बेशिस्त.

म्हणून या पत्रात समुपदेशनाविषयी कमी आणि पाळ्या, रजा, ठेकेदार व पगाराची तारीख यांविषयी जास्त वाचायला मिळेल. कामगाराचं मन सांभाळायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते, हे माझं म्हणणं आहे. आणि ते आत्ताच मांडायला कारण आहे.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मान्यता दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. दुकानं आणि खासगी आस्थापनांसाठी नऊचे दहा तास केले, आणि दहा कामगारांपासून लागू होणारा कायदा वीस कामगारांपासून लागू करायचं ठरवलं. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. संहितेत चौकट असते, बारीकसारीक तपशील राज्याच्या नियमांत यायचा असतो. म्हणजे हे काम आपल्या खात्याचं आहे.

आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, मोबदला दुप्पट मिळेल, असं सरकार सांगतं. कागदावर ते बरोबर आहे. आता आमच्याकडचा हिशेब ऐका.

किन्हवलीचा पोरगा मुरबाडच्या एमआयडीसीत असेल तर सरळगावकडून मोटारसायकल हाणतो. आसनगाव, आटगाव किंवा वासिंदच्या कारखान्यात असेल तर एसटी नाहीतर जीप धरून आधी शहापूर गाठतो आणि तिथून पुढे जातो. भिवंडीच्या गोदामात असेल तर त्याहून लांब. कल्याण-ठाण्याला असेल तर आसनगावहून लोकल. लांबच्या कामाला जायला दोन तास आणि यायला दोन तास धरले, तर बारा तासांची पाळी सोळा तासांची होते. उरलेल्या आठ तासांत अंघोळ, जेवण, पोराबाळांशी दोन शब्द, बाजारहाट आणि पावसाळ्यात भाताची आवणी. त्यातून उरेल ती झोप. पॅकिंगला जाणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर घरी आल्यावर चूलही आहेच. असे आठवड्यातले चार दिवस काढले की तीन दिवस सुट्टी, असं गणित मंत्रालयात सुटसुटीत वाटेल. पण त्या तीन दिवसांत तोच माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे रोजावर उभा राहणार, कारण एका पगारात घर चालत नाही. हे कुणाला सांगायची गरज नाही.

लेखी संमतीचंही तसंच. ठेकेदाराने पुढे सरकवलेल्या कागदावर सही केली नाही तर उद्यापासून 'काम नाही' हे सांगायला त्याला कुठला कायदा आड येत नाही. नाही म्हणण्याची सोय नसेल तिथे हो म्हणण्याला काय किंमत?

कामाच्या ताणाचा विषय आपल्या राज्यात एकदा गाजला होता. पुण्याच्या एका बड्या सल्लागार कंपनीत, ईवायमध्ये, नोकरीला लागलेली अ‍ॅना सबॅस्टियन पेरायिल ही २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट रुजू झाल्यापासून चार महिन्यांतच, जुलै २०२४ मध्ये गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. मग आपल्याच कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. पुण्यासारख्या शहरातल्या नावाजलेल्या कार्यालयात तपासणी पोहोचायला एका आईचं पत्र लागतं. सरळगाव रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कशाने पोहोचणार? इथल्या आईला इंग्रजीत ई-मेल लिहिता येत नाही, आणि लिहायचं कुणाला हेही ठाऊक नसतं. पोराचा पगार रोखीत मिळतो आणि कंपनीचं नाव त्याच्या हातातल्या कुठल्याच कागदावर नसतं.

मोठ्या कंपन्यांत निदान धोरण नावाचं काहीतरी असतं. आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ते असण्याचं बंधनच नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे स्थायी आदेश, म्हणजे रजा, पाळ्या, शिस्त आणि तक्रारीचे लेखी सेवानियम, ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच सक्तीचे आहेत. तीसचाळीस कामगारांच्या कारखान्यात एचआर म्हणजे मालकाचा भाचा, सुपरवायझर आणि ठेकेदाराचा माणूस. रजा मंजूर झाली की नाही हे त्या दिवशीच्या त्यांच्या मूडवर. म्हसा यात्रेला एक दिवस मागितला तर मिळतो, कारण सुपरवायझरलाही जायचं असतं. 'झोप लागत नाही, डोक्यात विचार थांबत नाहीत, आज येत नाही' असं सांगितलं तर शिवी मिळते. त्यामुळे माणूस तसं सांगतच नाही. 'पोट बिघडलंय' सांगतो.

पगाराची तारीख हीसुद्धा मनाच्या आरोग्याची बाब आहे, हे महाराष्ट्राने एसटीच्या संपात पाहिलं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेला तो संप मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितल्यावर मिटला. त्या काळात राज्यभरातून एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. आत्महत्येला एकच एक कारण नसतं, पण तोकडा आणि थकलेला पगार, कर्ज आणि निलंबन यांचा उल्लेख त्या बातम्यांत पुन्हा पुन्हा यायचा. शहापूर आणि मुरबाड आगारांतले कितीतरी चालक-वाहक आमच्या गावांतले, नात्यागोत्यातले. एसटीची ही स्थिती जगाला कळली, कारण ती सरकारी होती आणि तिच्या कामगारांना संघटना होती. ठेकेदाराकडच्या पोराचा पगार दोन महिने रखडला तर त्याची बातमी होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या आहेत. देशाच्या आकड्यात २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून जास्त, रोजंदारीवरचे लोक आहेत. या अहवालाचं पान आपल्या खात्याच्या टेबलावरही असायला हवं, फक्त आरोग्य आणि गृह खात्याच्या नव्हे.

आता उपचारांचं सांगतो. गावात त्रास झाला की आधी भगत, मग इंजेक्शन देणारा डॉक्टर, आणि मधल्या वेळात दारू, हा क्रम खरा आहे. पण लोक अडाणी आहेत म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जात नाहीत, असं म्हणून मोकळं होऊ नये. १९०१ पासून चालत आलेलं मनोरुग्णालय ठाण्यात आहे. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था, आयपीएच, ठाण्यातच १९९० पासून काम करते आहे. जिल्ह्याला मानसिक आरोग्याचा सरकारी कार्यक्रम आहे. जिल्हा एक असला तरी किन्हवलीहून ठाण्याला जाऊन येण्यात एक पूर्ण दिवस मोडतो. म्हणजे एक खाडा. मनाच्या आजाराचं औषध महिनोन् महिने घ्यावं लागतं, दर महिन्याला दाखवायला जावं लागतं. म्हणजे दर महिन्याला खाडा, आणि तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस आणतो. औषध अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. मग घरचे म्हणतात, डॉक्टरचा गुण आला नाही.

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस ही केंद्राची सेवा चांगली आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येतं. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने तो मोबाइलमध्ये टाकून ठेवावा. काही कारखान्यांत या क्रमांकाचं पोस्टरही लागेल. पण पुष्कळ ठिकाणी मोबाइल गेटवर जमा करून आत जावं लागतं, आणि सुटल्यावर फोन करायचा तर गाडीत शेजारी गावातलाच माणूस बसलेला असतो. पाळ्या, रजा आणि पगार आहेत तसे ठेवून नुसतं पोस्टर लावणं म्हणजे पाणी नसलेल्या हापशाला रंग देणं आहे. भातसा आणि तानसा उशाला असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यातल्या माणसाला असे रंगवलेले हापसे ओळखता येतात.

हे मी माझ्या मनचं बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य आणि चिंतेच्या विकारांमुळे जगात दर वर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. त्या सूचनांत कामाचं प्रमाण, वेळा आणि वागणूक सुधारणारे बदल आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण यांना पुढचं स्थान आहे. एकेका कामगाराला ताण सोसायला शिकवणं त्यानंतर येतं. जपानमध्ये अतिकामाने मृत्यू येतो हे कायद्याने मान्य केलं गेलं. २०१४ मध्ये त्याला आळा घालणारा कायदा झाला, आणि डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी दर वर्षी ताणाची तपासणी सक्तीची झाली. त्यातली महत्त्वाची अट अशी की तपासणीचा निकाल थेट कामगाराच्या हातात जातो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही.

आपल्याकडेही कायदे अगदीच नाहीत असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि समान संधीचं धोरण ठरवून जाहीर करायला तो खासगी आस्थापनांनाही सांगतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कर्मचारी राज्य विमा योजनेला (ईएसआय) जातात. नेहमीच्या आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवस मिळतो, पण ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे, ज्यांच्यासाठी अटी पूर्ण केल्यास पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. क्षयरोग आणि कर्करोगाबरोबर त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, नैराश्याचा गंभीर प्रकारही आहे. एवढी मोठी तरतूद, पण टाइम ऑफिसच्या भिंतीवर ती यादी लागलेली मी कधी पाहिली नाही. शेजाऱ्याच्या पोराचं डोकं फिरलं म्हणून नोकरी गेली, हे ऐकलं. त्याला दोन वर्षं भत्ता मिळाला, हे कधी ऐकलं नाही.

तेव्हा मागणी नेमकी करतो. ज्या कारखान्याला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं आहे, त्याने आधी पुढच्या गोष्टी लेखी कराव्यात आणि गेटवर मराठीत लावाव्यात, अशी अट राज्याच्या नियमांत घाला. ३०० कामगारांची मर्यादा या अटीला लावू नका.

पहिली, पाळ्यांचं वेळापत्रक निदान पंधरा दिवस आधी जाहीर व्हावं, दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तासांची विश्रांती मिळावी, आणि शेवटची एसटी किंवा लोकल निघून गेल्यावर सुटणाऱ्या पाळीला घरापर्यंत गाडी द्यावी. दोन-दोन पाळ्या लागोपाठ लावणं बंद व्हावं.

दुसरी, मनाच्या आजाराचं डॉक्टरी प्रमाणपत्र तापाच्या प्रमाणपत्रासारखंच धरावं. उपचार चालू असलेल्या कामगाराला महिन्यातून अर्धा दिवस भरपगारी मिळावा आणि तो खाड्यांत मोजू नये. लांब आजारानंतर परत येणाऱ्याला काही आठवडे नाईट आणि धोक्याचं मशीन देऊ नये.

तिसरी, समुपदेशक कारखान्याच्या एचआरला उत्तरदायी नसावा. कामगार काय बोलला हे कुठल्याही फाइलमध्ये जाऊ नये. नव्या संहितांनी चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी दिली आहे. तीत झोप आणि मनाची चौकशी जरूर व्हावी, पण जपानप्रमाणे निकाल कामगारालाच मिळावा. नाहीतर तीच तपासणी माणसं काढायची चाळणी होईल आणि कुणी खरं बोलणार नाही.

चौथी, सुपरवायझर आणि मुकादमांना प्रशिक्षण द्यावं. खचलेला माणूस ओळखायचा कसा आणि त्याच्याशी बोलायचं कसं, हे दोन दिवसांत शिकवता येतं. शिवीगाळ हे गैरवर्तन म्हणून नियमांत लिहावं, आणि ते वरच्याने केलं तरी कारवाई व्हावी.

पाचवी, हे सगळं ठेकेदाराच्या कामगारालाही लागू असावं, आणि त्याची जबाबदारी मूळ मालकाची असावी. नियुक्तिपत्र संहितांनी सक्तीचं केलं आहेच. त्यावर कंपनीचं नाव, पगाराची तारीख आणि १४४१६ हा क्रमांक छापायला खर्च येत नाही.

सहावी, अपघातानंतर काय करायचं ते ठरलेलं असावं. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आमच्याच तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उभारणारं यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ मध्ये स्फोट झाले. अशा वेळी मृतांच्या वारसांना आणि जखमींना भरपाई जाहीर होते. पण शेजारी उभा राहून जो वाचला, ज्याने सहकाऱ्याचा देह उचलला, त्याच्यासाठी सेवानियमांत ओळ नाही. त्याला पुन्हा त्याच जागी उभं करण्याआधी काही दिवसांची भरपगारी रजा आणि मनाच्या डॉक्टरची भेट मिळाली पाहिजे.

लहान कारखानदार म्हणतील, आम्हाला हे परवडत नाही. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. ऑर्डर सुटली की पगार कुठून द्यायचा, या काळजीने त्यांच्याही झोपा उडतात. पण वेळापत्रक आधी लावायला, शिव्या थांबवायला आणि सात तारखेच्या आत पगार द्यायला निधी लागत नाही. समुपदेशकाला लागतो, आणि तो निधी आहे. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण निधीत दर सहा महिन्यांनी प्रत्येक कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये जमा होतात, सरकारही भर घालतं. कामगार कल्याण मंडळाने त्या निधीतून मुरबाड एमआयडीसीसाठी एक आणि शहापूर-आसनगाव-आटगाव पट्ट्यासाठी एक असे दोन समुपदेशक नेमावेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस किन्हवलीसारख्या बाजारगावातही बसावं, आणि औषधाची गरज असेल त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. म्हणजे ठाण्याचा खाडा वाचेल. ठाणे जिल्ह्यात हे एक वर्ष करून बघा. खाडे, अपघात आणि सोडून जाणारे कामगार यांचे आकडे कारखानदारांकडूनच मागवा. खर्च निघतो की नाही, हे त्यांचंच रजिस्टर सांगेल.

खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ऑफिसातल्या लोकांसाठी ते महत्त्वाचं आहे. आमच्याकडच्या कामगाराला फोन न उचलण्याचा हक्क नको आहे. सुपरवायझरने रात्री दहाला फोन करून 'सकाळी सहाला ये' म्हटलं तर 'वेळापत्रकात माझं नाव नाही' एवढं सांगून नोकरी टिकावी, इतकीच त्याची गरज आहे.

महोदय, उद्योग यावेत म्हणून आपण तास वाढवलेत. वाढवलेल्या प्रत्येक तासाची किंमत मालक दुप्पट दराने चुकवील, पण त्याखेरीजची जी किंमत आहे ती कामगाराच्या घरात चुकवली जाते आणि कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही. ती कमी करणं आपल्या एका अधिसूचनेने शक्य आहे. बारा तासांची परवानगी देण्याआधी या सहा अटी घाला. अटी मान्य नसतील त्या कारखान्याला नऊ तास पुरे आहेत.

कळावे,

आपला,
किन्हवली येथील एक निवृत्त टाइमकीपर
(ता. शहापूर, जि. ठाणे)